अध्यक्षांची पुस्तकं

वाचनालयाच्या कॉम्प्युटरवरची सिस्टीम वाचकांची माहिती ती बनवणाऱ्या कंपनीला परस्पर पाठवते, हे कळताच ग्रंथपाल वत्सला नाचणेकरांनी ती काढून माहिती बाहेर न पाठवणारी लिनक्स सिस्टीम बसवली. अध्यक्ष दळवींनी त्यांना भर सभेत उभं केलं.

"कुणाला विचारून बदललंत? आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय? उद्या जुनी सिस्टीम दिसली नाही, तर राजीनामा आणा."

वत्सलाबाईंनी देवघेवीचं रजिस्टर उघडलं.

"साहेब, वर्षभरात आपण कोणती पुस्तकं नेलीत, ते सभेला वाचून दाखवू?"

सगळ्यांच्या माना दळवींकडे वळल्या. त्यांनी कपाळावरचा घाम टिपला.

"नको," ते हळूच म्हणाले.

बाईंनी रजिस्टर मिटलं. "मी निदान आपल्याला विचारलं, साहेब. ती सिस्टीम कुणालाच विचारत नव्हती."

राजीनाम्याचा विषय तिथेच संपला.