अंगावर घ्यायची गोधडी

विणकरांच्या गावात एकदा एक वृद्धा राहत होती. तिचे नाव हौसामावशी. जुन्या लुगड्याधोतरांच्या गोधड्या शिवण्यात तिचा हात धरणारे पंचक्रोशीत कोणी नव्हते. तिच्याकडे यमुना नावाची तरुणी शिकत होती. तीन वर्षांत यमुनेचा टाका मावशीइतकाच बारीक झाला. चित्त मात्र स्थिर होत नव्हते.

एके वर्षी शहरातून एक व्यापारी आला. मोठ्या प्रदर्शनात मांडण्यासाठी त्याला असामान्य अशी एक गोधडी हवी होती.

"दीड महिन्यात द्या. शिवणाऱ्याचं नाव खाली ठळक लावू," तो म्हणाला.

मावशीने ते काम यमुनेवर सोपवले, आणि तेव्हापासून यमुनेला चैन पडेना. तिने मोर काढला. तो कुठेतरी पाहिलेला वाटला, म्हणून उसवला. देवळाच्या छतावरचे कमळ उतरवून आणले, चार दिवसांनी तेही उसवले. मग आरसे लावले, कवड्या लावल्या, जरीचा काठ जोडला. जेवतानाही तिची बोटे ताटाच्या कडेवर टाके मोजत असत. पंधरा दिवस उरले तेव्हा ती रडवेली झाली.

"मावशी, मला काही सुचतच नाही. जे सुचतं ते दुसऱ्याचं वाटतं."

मावशीने ती गोधडी उचलली, शेजारच्या केरबा रंगाऱ्याच्या घरी नेली आणि त्याच्या अंगावर घातली. केरबा महिनाभर हिवतापाने अंथरुणाला खिळला होता.

यमुना मागोमाग धावली. "मावशी, ती प्रदर्शनाची आहे. डाग पडेल."

"पडू दे. तू इथं बैस. संध्याकाळपर्यंत नुसतं बघ."

यमुना बसली, पण तिचे सारे लक्ष कापडाकडे होते. केरबाने कूस बदलली तशी एक कवडी त्याच्या बरगडीत रुतली. तो कण्हला. जरीचा काठ हनुवटीला घासला, म्हणून त्याने गोधडी खाली ढकलली. थंडी भरली तेव्हा पुन्हा ओढली, पुन्हा ढकलली. पायाशी कापड पातळ होते. त्याची बायको त्याची पावले हातांनी झाकून बसली होती. दुपारी गोधडीचे एक टोक उलटले आणि आतले जुने, मऊ लुगडे वर आले. केरबाने त्यावर गाल टेकला. तेवढ्यापुरता त्याचा डोळा लागला.

संध्याकाळी मावशी आली. "काय पाहिलंस?"

"त्यांना टोचते," यमुना हळूच म्हणाली. "हिच्याखाली कुणी झोपेल हे माझ्या मनातच आलं नाही."

मावशी तिच्याजवळ बसली. "पोरी, तू बघणाऱ्यांसाठी शिवत होतीस. ते शेकडो असतात आणि प्रत्येकाला निराळं हवं असतं. मग मन एका जागी कसं बसावं? माझ्या भावाचे पाय दुखायचे, म्हणून आईनं पायाशी दोन थर जास्त घातले, ते सरकू नयेत म्हणून आडवे टाके मारले. पुढं लोक त्या टाक्यांना नक्षी म्हणू लागले. सुचणं कुठून येतं ते मला ठाऊक नाही. पण माणूस समोर असला की हाताला काम कळतं."

यमुनेने आरसे आणि कवड्या काढल्या, जरीचा काठ उसवला. पायाशी थर वाढवले, हनुवटीकडे मऊ लुगडे लावले. व्यापारी आला तेव्हा गोधडी केरबाच्या अंगावर होती. साधी, वापरलेली गोधडी पाहून व्यापारी नाराज झाला आणि दुसऱ्या गावाकडे निघून गेला. यमुना त्याची गाडी वळणाआड जाईपर्यंत पाहत राहिली.

"वाईट वाटतं?" मावशीने विचारले.

"वाटतं."

मावशीने सुईत दोरा ओवून तिच्यापुढे धरला.

दुसऱ्या दिवशी सुताराची बायको नव्या नातवासाठी आपली दोन लुगडी घेऊन आली. कोणती नक्षी काढणार, असे तिने विचारले. यमुनेने लुगडी मांडीवर घेतली, त्यांच्यावरून हात फिरवला आणि विचारले, "बाळ कोणत्या कुशीवर झोपतं?"