पान्हा

“...मग तिघांपैकी शिकवायचं तरी कोणाला, माई?”

मृणालिनीनं हे विचारलं तेव्हा तिच्या हातात खडू होता आणि डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं.

ओसरीवर टेकलेल्या गिरजामाई टेकडीवरच्या मठातल्या, या घराच्या गुरू. कधी येतील आणि किती बोलतील, याचा काही नेम नाही. आज त्यांनी उलट विचारलं, “विषय काय आहे आजचा?”

“गाय.”

“अरे वा!” माई सरसावून बसल्या. “मग?”

मग काय... मृणालिनी एम.एस्सी. झालेली. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचं, हा हट्ट तिचाच. फळ्यावर गायीच्या पोटाचे कप्पे तिनं रंगीत खडूंनी झकास काढले होते. पण थोरल्या ईशानला जे पटकन कळायचं ते मधल्या रेवतीच्या डोक्यावरून जायचं, आणि पाच वर्षांच्या मनूचं तर नावच काढायला नको.

नवऱ्यानं आता स्पष्टच सांगितलं होतं. दिवाळीपर्यंत याला वळण लागलं नाही, तर थोरली दोघं वसतिगृहात जातील.

“मनू दिसत नाही ती?” माईंनी विचारलं.

“स्वयंपाकघरात बसवलीय. हाक मारेपर्यंत उठायचं नाही म्हटलंय. सकाळी धडा सुरू केला, तर ही विचारते, गवत हिरवं, मग दूध पांढरं कसं? झालं! ईशान म्हणाला, पोटात गाळणी असते. रेवती म्हणाली, तर मग दह्याला हिरवा वास का येत नाही? दोघांची अशी जुंपली की माझा धडा राहिला बाजूला.”

“बरं, पण पांढरं कसं?”

माईंना खरंच जाणून घ्यायचं होतं. मृणालिनी गडबडली.

“ते... पुढच्या धड्यात आहे.”

“असं होय,” माई म्हणाल्या.

फळ्यानं जमलं नाही, ते आता प्रत्यक्ष दाखवायचं मृणालिनीनं ठरवलं. एरवी घरच्या गायीची, कपिलेची, धार काढायला शेजारचे धोंडीकाका येत. आज पदर खोचून बाई स्वतः अंगणात बसल्या. वासरू मध्ये लुडबुड करतं म्हणून ते आधीच मागे परसात बांधून टाकलेलं. ईशान आणि रेवती शहाण्यासारखी हाताची घडी घालून उभी.

ओढून झालं, दाबून झालं, गोंजारून झालं... चरवीत थेंब पडेना.

“पान्हा चोरतेय मेली!” मृणालिनी चिडली.

माई उठल्या. परसात गेल्या आणि दाव्याची गाठ सोडली.

वासरू उधळतच आलं. त्यानं आईच्या कासेला ढुशा दिल्या, कपिला मान वळवून त्याला चाटू लागली. त्याचं थोडं पिऊन झाल्यावर माईंनी त्याला ओढून तिच्या तोंडापुढे धरलं आणि मृणालिनीला डोळ्यांनीच खूण केली.

आता चरवीत धार वाजू लागली.

“पान्हवली!” मृणालिनी लहान मुलीसारखी ओरडली. तिला इतका आनंद झाला की फळा, दिवाळी, सगळं विसरली. “पाहिलंत ना? आता विचारा. काय वाटेल ते विचारा!”

ईशाननं रेवतीकडे पाहिलं. रेवतीनं फळ्याकडे पाहिलं.

मृणालिनीचा चेहरा उतरला. “बघा, माई. गायसुद्धा पान्हवली, पण ही दोघं तोंड उघडत नाहीत. माझं चुकतंय तरी कुठे?”

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बारीक आवाज आला. “आई... वासराला पुरलं का गं?”

ईशानची मान चटकन वासराकडे वळली. रेवती चरवीत डोकावली.

माईंनी दावं नीट गुंडाळलं आणि मृणालिनीच्या हातात दिलं.

“दोन बांधली होतीस, पोरी. मी एकच सोडलं.”