पायलीवरची शीग

एका खाडीच्या काठी, जिथे पाच राज्यांच्या सीमा एकमेकींना भिडतात, तिथल्या एका गावात बायजा नावाची बाई मिठागरात राबत होती. पुरुष लांब दांड्याच्या फळीने वाफ्यातलं मीठ ओढून कडेला आणत. बायका ते पाटीत भरून डोक्यावरून बांधावरच्या राशीपर्यंत नेत. ऊन दोघांच्या डोक्यावर सारखं तापायचं. खारं पाणी दोघांच्या पायांच्या भेगांत सारखंच झोंबायचं. संध्याकाळी मजुरी मिळायची ती मात्र सारखी नव्हती.

मजुरी तांदळाची होती आणि ती पायलीने मोजली जायची. पुरुष समोर आला की धाकू मापारी पायली शिगोशीग भरायचा. वर तांदळाचा डोंगर व्हायचा, दाणे कडेने ओघळायचे. बाई समोर आली की तो तीच पायली तशीच भरायचा आणि मग एक लाकडी पट्टी काठावरून सर्रकन फिरवायचा. शीग खाली पडायची. सपाट माप बाईच्या पदरात यायचं. अशी रीत होती. ती कोणी पाडली ते कोणाला ठाऊक नव्हतं. ती मोडायची नाही, हे मात्र सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं.

नवरा होता तोवर बायजाला हे फारसं टोचलं नाही. त्याच्या मापावर शीग असायची, तिचं सपाट असायचं, दोन्ही एकाच मडक्यात पडायचं. मग नवरा तापाने गेला. नवरा गेला तशी घरातली शीग गेली. घरात सासू होती, दोन मुलं होती. मडक्यात जे कमी पडायचं ते रोज बायजाच्या ताटात कमी पडायचं. रिकाम्या पोटी बांधावर चढताना तिला पहिल्यांदा कळलं की ती पट्टी पायलीवरून फिरत नाही, आपल्या पोटावरून फिरते.

एका वर्षी खाडीपलीकडच्या राज्यातल्या बायकांनी पाट्या उचलायला नकार दिला. सपाट मापावर आम्ही येणार नाही, म्हणाल्या. आगरवाले हसले. बायका किती दिवस घरी बसतील, असं म्हणून त्यांनी वाट पाहिली. पुनवेचं उधाण आलं, बांध ओलांडून वाफ्यांत शिरलं आणि न उचललेलं सगळं मीठ विरघळून परत समुद्राला मिळालं. पाचही राज्यांचं बहुतेक मीठ तिथूनच यायचं, त्यामुळे त्या महिन्यात कुठल्याच बाजारात मीठ मिळेना. राजांच्या ताटातली आमटी अळणी झाली, तेव्हा पाचही राजांना एकदम न्याय आठवला.

मोठी महासभा भरली. मांडव पडले, पताका लागल्या, दूरदूरचे पंडित आले. बाईच्या कष्टाचं मोल या विषयावर इतकी सुंदर भाषणं झाली की ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावले. एका वृद्ध राजाने सुचवलं, की हा बदल सावकाश व्हावा, तीन पिढ्यांत तरी व्हावा, नाहीतर पुरुषांच्या मनाला लागेल. बाईच्या पोटाला काय लागतं, हे त्या मांडवात कोणी विचारलं नाही. विचारणार कोण? मांडवात बायका होत्या त्या पंगतीत वाढणाऱ्या. त्यांनाही त्या संध्याकाळी मुदपाकखान्यातून सपाट मापच मिळालं.

शेवटी ठराव झाला: पाचही राज्यांत स्त्री आणि पुरुष यांना एकच माप. पितळी कड्यांच्या नव्या पायल्या घडवल्या. प्रत्येकीवर पाच राज्यांच्या मुद्रा उठवल्या आणि वाजतगाजत त्या गावोगावी पाठवल्या.

बायजाच्या मिठागरात पायली आली तेव्हा बायकांनी तिला हळद-कुंकू वाहिलं. संध्याकाळी रांग लागली. धाकूने नव्या पायलीने पुरुषांना तांदूळ दिला, शिगोशीग. मग बायकांची पाळी आली. त्याने नवी पायली भरली, मांडीखालची जुनी पट्टी काढली आणि सर्रकन फिरवली.

बायजा जागची हलली नाही. हे काय, म्हणून तिने विचारलं. धाकूला आश्चर्य वाटलं. तो स्वभावाने दुष्ट नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

"माप एकच आहे की, बायजा. मुद्रा बघ. शीग ही काही मजुरी नव्हे, तो पुरुषाचा मान आहे."

"मग तो मान तुझ्या घरी वेगळा शिजवतात का रे?" बायजा म्हणाली. "कसा लागतो, एकदा सांग तरी."

रांगेतल्या बायका हसल्या. पण घरी जाताना कोणीच हसत नव्हतं.

काही दिवसांनी बातमी आली, की महासभेचा न्यायदूत गावोगाव फिरून ठरावाची पाहणी करतो आहे. आगराचा मालक विसाजीशेट याची धांदल उडाली. त्याने रस्त्यावर मुरूम टाकून घेतला, चिंध्या नेसलेल्या बायकांना त्या दिवशी येऊ नका म्हणून सांगितलं आणि बायजाला बांधावर बोलावून घेतलं.

"तू सरळ बाई आहेस, बायजा. तुझा शब्द सगळ्या मानतात," तो म्हणाला. "न्यायदूत विचारेल, पुरुषाइतकंच मिळतं का? तू नुसती मान हलव."

"आणि मग?"

"मग तुझ्या पायलीवर शीग. त्या दिवसापुरती नाही, जन्मभर. शिवाय बायकांची मुकादमकी."

बायजा घरी आली आणि तिने सासूला सगळं सांगितलं. सासू पोशी हिने उभं आयुष्य याच आगरात पाट्या वाहिल्या होत्या. ओझ्याने तिची मान एका बाजूला वाकली होती. कोणाकडे बघायचं तर तिला सगळं अंग वळवावं लागे. तशी अंग वळवून ती म्हणाली, "घे. बाकीच्यांच्या चुली पेटवायचा मक्ता तू घेतलेला नाहीस. पोरं बघ तुझी, बरगड्या मोजाव्यात अशी झालीत."

बायजाने पोरांकडे पाहिलं आणि होकार द्यायचं ठरवलं. तिला कोणी नावं ठेवू नयेत. भुकेल्या घरात शीग चालून आली होती.

न्यायदूत आला. मांडवात गादीवर बसला. तो चांगला माणूस होता, आणि संताप येतो तो याचाच. बायकांच्या कष्टांबद्दल त्याला मनापासून कळवळा होता, आणि कळवळा वाटला की अर्धं काम झालं असं त्याला मनापासून वाटत होतं. वाळ्याचं सरबत पीत त्याने पायलीवरच्या पाचही मुद्रा तपासल्या आणि समाधानाने मान डोलावली. मग एका पुरुषाला माप दिलं गेलं, शिगोशीग. त्यानंतर बायजाला पुढे बोलावलं.

धाकूने पायली भरली. वर डोंगर झाला. आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्याचा हात मांडीखालच्या पट्टीकडे गेला. तो दचकला आणि हात मागे घेतला. न्यायदूत तेव्हा घाम पुसत होता. त्याला दिसलं नाही. बायजाला दिसलं.

"काय बाई, पुरुषाइतकंच मिळतं ना?" न्यायदूताने विचारलं, आणि तिने काही म्हणायच्या आत तो शेजारच्या कारभाऱ्याकडे वळून हसला. "बघा, एवढं सोपं होतं. आणि एवढ्याशा गोष्टीसाठी या बायकांनी पाच राज्यांचं मीठ बुडवलं."

मान हलवायला बायजा तयार होऊन आली होती. पण मान हलेना. तिच्या मागे बायकांची रांग होती, आणि त्या सगळ्या खाली, तिच्या पायांकडे बघत होत्या. वर बघितलं तर तिला लाज वाटेल, म्हणून बघत नव्हत्या. ते तिला सोसवलं नाही.

ती वाकली. धाकूच्या मांडीखालची पट्टी तिने ओढून काढली आणि आपल्याच पायलीवरून सर्रकन फिरवली. तांदूळ चटईवर सांडला.

"महाराज, हे आमचं रोजचं माप," ती म्हणाली. "आज तुम्ही आलात म्हणून वर डोंगर दिसला."

विसाजीशेटचा चेहरा काळा पडला. हे खरं का, असं न्यायदूताने मापाऱ्याला विचारलं. धाकूने शेटकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं आणि मान खाली घालून म्हणाला, "रीत आहे, महाराज."

न्यायदूताने सरबताचा पेला खाली ठेवला. त्याला वाईट वाटलं, हे सगळ्यांना दिसत होतं. मग तो म्हणाला, "बाई, तुमचं म्हणणं विचार करण्याजोगं आहे. पण ठरावात माप आहे. शिगेचा उल्लेख नाही. शिगेसाठी पुन्हा महासभा बोलवावी लागेल."

"कधी?"

"पाचही राजांना सवड झाली, की लगेच."

त्याने बायजाच्या धीटपणाचं कौतुक केलं, तिच्या ओटीत एक नारळ घातला आणि तो पालखीत बसून पुढच्या गावाला गेला.

त्याच संध्याकाळी विसाजीशेटने मुकादमकी आपल्या मेहुण्याला दिली आणि बायजाचं माप सपाटच ठेवलं. कामावरून मात्र त्याने कोणालाच काढलं नाही. पुनवेचं उधाण जवळ आलं होतं, आणि वाफे मिठाने पांढरे झाले होते.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका वेळेवर कामाला आल्या. त्यांनी पाट्या भरल्या. बाई मिठाची पाटी भरते ती नेहमी शीग लावून भरते. वर निमुळतं टोक होईपर्यंत मीठ थापते आणि मगच उचलते. त्या शिगेची वेगळी मजुरी कोणी कधी दिली नव्हती, कारण ती कोणी कधी बघितलीच नव्हती. त्या दिवशी बायजाने पाटी भरली, हाताच्या कडेने वरचं मीठ काठासरशी पुसलं आणि सपाट पाटी उचलून ती चालू लागली. मागच्या हौसाने तेच केलं. मग सगळ्यांनी केलं.

विसाजीशेट धावत आला. हा काय चावटपणा आहे, म्हणून ओरडला.

"पाटी तीच आहे, शेट," बायजा म्हणाली. "काठोकाठ भरलेली आहे."

कामावर न येणाऱ्या बाईला त्याने हाकलून दिलं असतं. पूर्ण भरलेली पाटी नेणाऱ्या बाईला काय म्हणणार? वाफ्यांतलं मीठ सरेना आणि चंद्र रोज मोठा होत गेला.

तेव्हा शेटने एक डाव टाकला. संध्याकाळी त्याने धाकूला सांगितलं, की बायकांना समानता हवी आहे ना, मग आजपासून सगळ्यांनाच सपाट. धाकूने पुरुषांच्या पायलीवरून पट्टी फिरवली. सगळ्या शिगा शेटच्या कोठारात परत गेल्या.

पुरुष भडकले. पण शेटवर नाही, बायजावर. तुझ्यामुळे आमच्या पोरांच्या तोंडचा घास गेला, म्हणत दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिला बांधावर घेरलं. जे पुरुष रोज शीग घेऊन तिच्यासमोरून गेले होते आणि ज्यांना तिच्या पोरांच्या बरगड्या कधी दिसल्या नव्हत्या, तेच आता घासाबद्दल बोलत होते. बायजाच्या अंगाचा तिळपापड झाला. पण ती ओरडली नाही.

"काल पहिल्यांदा तुमच्या घरात आमचं माप शिजलं," ती म्हणाली. "पुरलं का?"

त्या पुरुषांतल्या एकाची बायको पाट्यांच्या रांगेतून म्हणाली, की काल ती स्वतः जेवलीच नव्हती, आणि यांनी विचारलंही नाही. तो माणूस खाली बसला. मग हळूहळू एकेकाने आपली फळी बांधाला टेकवून ठेवली. सगळ्यांना शीग मिळेपर्यंत वाफ्यातला खडाही हलणार नाही, असं शेटला सांगायला त्यांनी त्याच माणसाला पाठवलं.

उधाणाच्या आदल्या संध्याकाळी विसाजीशेटने हात टेकले. धाकूने ती पट्टी मोडून चुलीत घातली आणि बाई असो की पुरुष, पायली शिगोशीग भरली. त्या रात्रभर, मशाली लावून, सगळ्यांनी मिळून मीठ उचललं.

ही बातमी पाचही राज्यांत पसरली आणि इतर आगरांतही पट्ट्या जळू लागल्या. राजांना सवड झाली तेव्हा महासभाही भरली. मांडवावर पुन्हा पताका लागल्या. पाच राजांच्या अथक प्रयत्नांनी हा न्याय झाला, असा ताम्रपट कोरला गेला आणि न्यायदूताला भरजरी शाल मिळाली. बायजाला कोणी बोलावलं नाही. त्या दिवशी ती कामावर होती.

पट्टी जळाली त्या रात्रीनंतर, पहाटे, शिगेचं पहिलं माप पदरात घेऊन बायजा घरी आली, तेव्हा तिने तो तांदूळ सासूपुढे सुपात ओतला. पोशी म्हातारीने अंग वळवून त्या तांदळाच्या डोंगराकडे पाहिलं. तिने त्यावर हात ठेवला, पण तो ढासळू दिला नाही. तिला आनंद होईल असं बायजाला वाटलं होतं.

"हे तुझं झालं," म्हातारी म्हणाली. "माझ्या मापाची शीग कोणाच्या घरात शिजली, ते कोणी सांगेल का?"

याचं उत्तर पुढे पाच राजांनी कोरलेल्या ताम्रपटातही नव्हतं.

तात्पर्य: बरोबरीचा ठराव करून बरोबरी येत नाही, ज्या हाताने हिस्सा पुसला जातो तो हात धरावा लागतो. आणि बाईला तिचं माप देणं हे उपकार नव्हेत. ती उशिरा, आणि तीही अर्धीच, केलेली परतफेड आहे.