परटिणीने लावलेलं दफ्तर

तांबडगडच्या दफ्तरखान्याचं दार उघडायला दोन माणसं लागत. एक दार ओढायला आणि दुसरा अंगावर येणारे कागद अडवायला. सुभानराजांनी करंजदऱ्याच्या विहिरीचा कागद मागितला, तर नवव्या दिवशी त्यांच्या हाती आली आजोबांच्या मुंजीतल्या लाडवांची यादी. राजे भडकले.

दफ्तरदार विसाजीपंत हात जोडून म्हणाले, "महाराज, जागाच पुरत नाही. नदीवर परटांचा घाट आहे, तिथे सातखणी दफ्तरखाना बांधू. पाणी जवळ, म्हणजे आगीचीही भीती नाही."

पंतांची बाग त्या घाटाला लागून होती आणि धुणं आपटण्याच्या आवाजाने त्यांची दुपारची झोप मोडायची. हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

राजांचे धुतलेले कपडे घेऊन आलेली गोजरा परटीण दाराशीच उभी होती. घाट गेला तर परटांच्या चाळीस घरांनी जायचं कुठे? आणि गोजराचं असं होतं, की घाबरली की तिची जीभ जास्तच चालायची.

"महाराज, जागा पुरती हाय," ती म्हणाली. "मोठ्या घरात हरवल्यालं हुडकाया जास्त चालावं लागंल, येवढंच."

पंत हसले. "हिला अक्षरओळखही नाही, महाराज."

"न्हाई, जी. कारकुनांस्नी हाय, तरी नऊ दिस लागलेच की."

राजांना राग आला होता, पण गंमतही वाटली. ते म्हणाले, "मग तूच लाव दफ्तर. मागितलेला कागद माझ्या तोंडातला विडा रंगायच्या आत हातात आला पाहिजे. अर्ध्या फळ्या नव्या कागदांसाठी रिकाम्या दिसल्या पाहिजेत. आणि उद्या दफ्तरखाना जळून खाक झाला, तरी गावांच्या हक्काचा एकही कागद जाता कामा नये. महिन्याची मुदत. पंतांचे कारकून तुझ्या हाताखाली. नाही जमलं, तर घाट सोडायचा."

दुसऱ्या दिवशी गोजरा दफ्तरखान्यात शिरली आणि थक्कच झाली. कागदांचे गठ्ठे ज्या कापडात बांधतात, त्या रुमालांची इथे मानाप्रमाणे पंगत बसवली होती! सरदारांचे रुमाल दाराशी, हाताच्या उंचीवर. त्यांच्यामागे मानकरी. गावांच्या विहिरी, बांध, शेतांत जाणाऱ्या पाणंदी सगळ्या तळाशी, अंधारात.

"सरदारांचे कागद रोज लागत्यात व्हय?" तिने एका कारकुनाला विचारलं.

"छे, कोण मागतंय! माझ्या वडिलांच्या वेळी एकदा काढले होते."

"आन् विहिरींचे?"

"ते रोजच."

गोजराने पदर खोचला. रोज लागणारे रुमाल दाराशी आणले, अधूनमधून लागणारे त्यांच्या मागे ठेवले आणि सरदारांना थेट माळ्यावर धाडलं. पंत धावत आले. "अगं, त्यांचा मान काय राहिला?"

"माळा समद्यात उंच हाय, पंत. त्याच्यावर मान तो कुठला?"

मग तिने बिब्बे मागवले. परीट बिब्ब्याच्या रसाने कपड्यावर खूण करतात. शंभर घरांची धोतरं एका डोहात धुतली तरी ज्याचं त्याच्या घरी जातं. रुमाल म्हणजे तरी कापडच. कारकुनांनी वाचायचं आणि गोजराने खूण करायची. गावागावाची खूण वेगळी. विहिरीच्या रुमालाला गावाच्या खुणेखाली एक ठिपका, बांधाला दोन, पाणंदीला तीन. हे करताना आणखी एक गोष्ट उघडी पडली. कारकुनांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. प्रत्येकजण प्रत्येक हुकमाची आपली वेगळी नक्कल करून ठेवायचा. एकेका कागदाच्या अकरा-अकरा नकला निघाल्या. गोजराने अस्सल कागद तेवढे ठेवले आणि बाकीच्यांचे गठ्ठे बैलगाड्यांवर घालून कुठे तरी रवाना केले.

महिना भरला. राजे दफ्तरखान्यात आले. अर्ध्या फळ्या रिकाम्या बघून त्यांनी भुवया उंचावल्या, विडा तोंडात टाकला आणि म्हणाले, "करंजदऱ्याची विहीर." राजांनी भराभरा चावायला सुरुवात केली. बाईला हरवायच्या घाईत त्यांना ठसका लागला, आणि पाण्याचा पेला येण्याआधी गोजराने एका ठिपक्याचा रुमाल सोडून कागद पुढे केला.

"ठीक," राजे डोळे पुसत म्हणाले. "आता समज, आत्ताच हे सगळं जळालं. तो कागद मला पुन्हा दे."

"त्येची नक्कल शेलगावच्या चावडीत हाय, महाराज."

पंतांनी कपाळावर हात मारला. "शेलगाव आणि करंजदरा! त्या विहिरीवरून दोन्ही गावांची डोकी फुटली आहेत. शेलगावकरांनी तो कागद कधीच चुलीत घातला असेल!"

राजांनी स्वार पिटाळला. दिवस कलायच्या आत स्वार परतला. मागोमाग शेलगावचा पाटील, घामाने डबडबलेला, छातीशी मेणकापडात गुंडाळलेला कागद धरून. स्वाराच्या हाती तो द्यायला पाटील तयारच झाला नव्हता. अक्षर न् अक्षर जुळलं.

राजे चकित झाले. "पाटील, वैऱ्याचा कागद इतका जपलास?"

"जपाया नको व्हय, महाराज?" पाटील कळवळून म्हणाला. "आमच्या पाणंदीचा कागद करंजदऱ्यात हाय! ह्येला कसर लागली, तर थितं आमचा कागद धड ऱ्हाईल का?"

गोजरा म्हणाली, "समद्या गावांचं असंच केलंय, महाराज. ज्येचं ज्येच्याशी भांडान, त्येचा कागद त्येच्याकडं. सोयऱ्याकडं दिला असता, तर त्यो इसरला असता."

राजे पोट धरून हसले. "घाट तुमचा! चाळीसही घरांना वंशपरंपरा. पंत, आत्ताच्या आत्ता सनद लिहा." मग डोळे मिचकावत त्यांनी विचारलं, "काय गं, या सनदेची नक्कल कुठे ठेवायची?"

"पंतांच्या घरी," गोजरा म्हणाली. "आन् पंतांच्या बागेचा कागद माज्या घरी."

राजांना इतकं हसू लोटलं, की त्यांना दाराला धरून उभं राहावं लागलं. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी गोजराला दिलं. पंत हसले नाहीत. सनद लिहून होताच तिची नक्कल घेऊन ते घाईघाईने घरी गेले, बायकोच्या शालूंची शिसवी पेटी त्यांनी रिकामी केली, कसर लागू नये म्हणून आत वेखंड घातलं आणि परटांच्या सनदेच्या नकलेला तिच्यात अलगद झोपवलं.