वकीलसाहेबांचं न ऐकता

मालिनी पोतनीस इंग्लंडमधल्या एका लहान गावात नर्स होती. मोर्चाच्या गर्दीत तिने पोलिसाला ढकललं, असा तिच्यावर खटला झाला. खरं तर पोलीस स्वतःच पाय घसरून पडला होता आणि फुलवाल्या हॉब्जने ते पाहिलं होतं. पण हॉब्ज बोलताना फार अडखळायचा. मॅजिस्ट्रेटने दोन मिनिटांत त्याला खाली बसवलं आणि "ऐकून काही फरक पडणार नाही," असं म्हणून मालिनीला दोषी ठरवलं.

आता नोकरी जाणार, हे तिला दिसत होतं. तिने स्वतःच लंडनच्या हायकोर्टात अर्ज केला. ती दोषी की निर्दोष, हे तिथे ठरणार नव्हतं. खालच्या कोर्टात सुनावणी न्यायाने झाली का, एवढंच पाहिलं जाणार होतं. सरकारी वकिलांनी कळवलं होतं, की हॉब्जचं ऐकलं असतं तरी निकाल तोच लागला असता.

मालिनी बोलायला उभी राहिली.

"मिलॉर्ड, ऐकून फरक पडत नसेल, तर आज वकीलसाहेबांचंही ऐकू नका. निकाल देऊन टाका."

वकीलसाहेब ताडकन उठले. "माझी बाजू न ऐकता? हा तर उघड अन्याय आहे!"

"माझं म्हणणं एवढंच होतं, मिलॉर्ड," मालिनी म्हणाली आणि खाली बसली.

न्यायाधीशांना हसू आवरेना. त्यांनी निकाल रद्द करून खटला दुसऱ्या मॅजिस्ट्रेटपुढे पाठवला. तिथे हॉब्ज पाऊण तास बोलला, कुणी त्याला थांबवलं नाही, आणि मालिनी निर्दोष सुटली.