धाकू बसला

गलबतं वाऱ्याच्या भरवशावर चालत, तेव्हाची, फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. आमच्या कुरलेबंदरात तेव्हा शिंपल्यांच्या भट्ट्या धगधगत. भाजलेल्या शिंपल्यांचा कळीचा चुना गोणपाटांत भरून गलबतं मोठ्या शहरांकडे जात. त्या चुन्यावर गाव जेवत होतं, आणि त्याच चुन्याने गावातली माणसं जात होती. कारण कळीच्या चुन्याला पाणी लागलं की तो तापतो, फुगतो, गोणपाट पेटवतो. आणि समुद्रावर पाणी कुठे नसतं?

धाकू खारवी अशाच एका गलबतावर होता. त्याचं काम सगळ्यांत हलकं, तळात झिरपलेलं पाणी उपसायचं. खलाशी चिडवत, "धाकल्या, समुद्र संपलो काय रे?"

तो म्हणे, "अर्धो ऱ्हवलो."

त्याचा थोरला भाऊ गुणाजी चुन्याच्या गलबतावरच गेला होता. बंदर समोर दिसत असताना गलबतातून धूर निघाला. धाकू किनाऱ्यावर उभा होता. खलाशी बालद्यांवर बालद्या ओतत होते आणि प्रत्येक बालदीबरोबर धूर वाढत होता. शेवटी चुना इतका फुगला की गलबताच्या फळ्या उकलल्या. त्यांची आई भागी रोज गुणाजीचं ताट मांडत राहिली.

पुढे एका माघात विसू तांडेलाचं गलबत चुना भरून निघालं. वर माणसं आठ, त्यांत धाकू. दुसऱ्या दिवशी एक मोठी लाट गलबतावरून गेली आणि दुपारी चुन्याच्या कोठीवरच्या फळ्यांच्या झाकणातून धूर येऊ लागला. सगळे बालद्यांकडे धावले. धाकू मात्र जाऊन त्या झाकणावर बसला.

"ऊठ धाकल्या!" तांडेल ओरडला. "आग लागली हा, नि तू बसतंस?"

"पाणी नको, तांडेलानू."

"तुझा डोक्या फिरला काय रे?"

"माझो भाव आगीन नाय मेलो, पाण्यान मेलो. ओतूचा असात तर आधी माझ्यार ओता."

तांडेलाने त्याच्याकडे पाहिलं आणि हातातली बालदी समुद्रात रिकामी केली. त्या दिवशी तोही धाकूइतकाच मोठा झाला, असं म्हणतात.

मग धाकू सांगत गेला आणि सगळे करत गेले. आत वारा जाता कामा नये. आठ माणसांच्या वाटचं तांदळाचं पीठ काढलं, खोबरेलात मळलं आणि जिथे धूर दिसेल तिथे फटीत भरलं. भाकरीला चिमूटभरही उरलं नाही. खालून वाफ झाकण उचलायला बघत होती, म्हणून धाकू वरून हलेना.

तीन दिवस, तीन रात्री तो बसून राहिला. झाकणाचे खिळे लाल झाले, तरी तो उठला नाही, असं म्हणतात. लाटा गलबतापर्यंत येत आणि वाकून मागे फिरत, कारण त्यांनाही धाकूची मनाई होती, असं म्हणतात.

मागे वळवलेलं गलबत कुरलेबंदराला लागलं. आधी सातजण उतरले, मग धाकूला उचलून उतरवलं. "आठ दीस उघडू नकात," एवढंच तो म्हणाला. आठ दिवसांनी झाकण काढलं, तेव्हा आतली आग विझली होती.

आठ गेले होते, आठ परत आले. भागीने नेहमीसारखी दोन ताटं मांडली. एकात धाकू जेवला. दुसऱ्यात त्या दिवशी ती स्वतः जेवली.

धाकूचे पाय मात्र पुन्हा सरळ झाले नाहीत. गाव त्याला डोलीत घालून धक्क्यावर नेई. भरलेल्या प्रत्येक गलबताच्या झाकणावर तो बसे, कडेने बोट फिरवी. बोटाला फट लागली तर वारा कितीही चांगला असो, शीड चढत नसे. त्याच्या हयातीत कुरलेबंदरचं एकही गलबत चुन्याने गेलं नाही.

आता भट्ट्या नाहीत, गलबतं नाहीत. मासेमारीच्या बोटी आहेत. हंगामाच्या पहिल्या फेरीआधी बोटवाल्याच्या घरातली सर्वांत वयस्कर बाई खोबरेलात मळलेल्या पिठाचा गोळा बोटीच्या कोठीवर दाबते आणि एकजण त्या झाकणावर बसतो. किनाऱ्यावरून विचारतात, "धाकू बसलो?" बोटीवरून सगळे ओरडतात, "बसलो!" त्या दिवशी बोटीवर भाकरी भाजत नाहीत.

आमच्या गावचे कितीतरी जण आज मोठ्या लोखंडी जहाजांवर आहेत. तपासणीच्या कागदावर सही करण्याआधी ते झाकणाच्या कडेने स्वतःचं बोट फिरवतात आणि हळूच विचारतात, "धाकू बसलो?" बरोबरच्या परक्या मुलखातल्या खलाशांना काही कळत नाही. मग आमचा माणूस आपणच उत्तर देतो, "बसलो." आणि मगच सही करतो.