केरबानं ठेवलेलं नाव

कुर्रऽऽ.

हा आवाज मी चाळीस वर्षांपूर्वी ऐकला, शेजारच्या घरी, बारशाला. बारशात आत्या बाळाच्या कानात कुर्र करते आणि नाव सांगते. त्या दिवशी मात्र कुर्र करणारी आत्या नव्हती, आणि पहिला कान बाळाचा नव्हता. ते कसं झालं, ते सांगतो.

एका गावात एक भोळा कासार होता. नाव केरबा. हात इतका हलका, की झोपलेल्या पोरीला बांगडी भरली तरी तिला जाग यायची नाही. पण सांगाल ते सगळं खरं मानायचा. विसरू नये म्हणून उपरण्याला गाठ मारायचा, आणि एकदा गाठ मारली की सुटका नाही.

केरबाला दोन मुलांच्या पाठीवर मुलगी झाली. त्याचे वडील, तात्या, म्हणाले, "हिचं नाव द्रौपदा."

द्रौपदा म्हणजे केरबाची आई. त्याच वर्षी माघात गेली होती.

केरबाची बायको मंदा दाराआडून म्हणाली, "तात्या, तुमच्या शब्दाबाहेर मी नाही. पण ते नाव आता कोण ठेवतं? पोरीला शाळेत हसतील. मी प्रियांका ठरवलंय."

"कोण ठेवतं म्हणजे? आमच्या वेळी तीन घरांमागं एक द्रौपदा होती."

"तुमच्या वेळी."

तात्या केरबाला म्हणाले, "बाजाराला जा. मधोमध उभा राहा आणि नावानं हाक मार. जी वळेल ती द्रौपदा. अशी एक जरी निघाली, तरी नाव चालू आहे म्हणायचं. नाही निघाली, तर सूनबाई म्हणेल ते."

मंदा म्हणाली, "चालेल."

केरबानं गाठ मारली. जो वळेल तो द्रौपदा.

निघताना त्यानं विचारलं, "तात्या, तुम्हाला हेच नाव का हवं?"

तात्या म्हणाले, "चाळीस वर्षं तिला 'अगं' म्हणालो. 'ऐकलं का' म्हणालो. नाव घेऊन हाक मारायची राहूनच गेली. बायकोला नावानं हाक मारायची पद्धत नव्हती बाबा आमच्यात. नातीला मारता येते."

केरबा बाजारात उभा राहिला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "द्रौपदाऽऽ!"

घरी आल्यावर तात्यांनी विचारलं, "किती वळल्या?"

"चार."

तात्यांचा चेहरा उजळला. "चार? कोण कोण?"

"दोन म्हाताऱ्या. एक हवालदार. आणि एक म्हैस."

आतून मंदाचं हसू ऐकू आलं. ती म्हणाली, "अहो, म्हाताऱ्या कशाला धरता? आपल्याला आजकालच्या पोरी हव्यात."

तात्या म्हणाले, "केरबा, आधी वय विचारावं. वय विचारल्याशिवाय मोजायचं नाही."

केरबानं दुसरी गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी पाटलीणबाईंकडं बांगड्या भरायचं काम होतं. त्यांच्या भाचीचं लग्न होतं. ओसरीवर बायका जमल्या होत्या. पाटलीणबाईंनी हात पुढं केला. "केरबा, दोन डझन मोज. हिरव्या."

"आधी वय सांगा."

"काय?"

"वय. विचारल्याशिवाय मोजायचं नाही, असं तात्यांनी सांगितलंय."

"अरे, बांगड्या मोज!"

"वय सांगा, लगेच मोजतो. तुमचे केस बघता साठ धरू का?"

पाटलीणबाई तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या. केरबाची पेटी आधी ओसरीवरून खाली आली, मग केरबा. वरून पाटलीणबाई ओरडल्या, "मुडद्या, बायकांना वय विचारतोस? नावं आणि वयं हवीत तर शाळेत जा! तिथं पटावर सगळं लिहिलेलं असतं!"

केरबा शाळेत गेला. गुरुजींनी पट काढला आणि बोट फिरवत वाचू लागले.

"मनीषा. सारिका. वैशाली पहिली. वैशाली दुसरी. वैशाली तिसरी."

"तीन बहिणी का?"

"नाही रे. एकाच नावाच्या तिघी. मोठी ती पहिली, धाकटी ती दुसरी, त्याहून धाकटी ती तिसरी. म्हणजे गोंधळ होत नाही." (आता वैशालीही कुणी ठेवत नाही. पण ते राहू द्या.)

"आणि द्रौपदा?"

गुरुजींनी सगळी पानं उलटली आणि पट मिटला. "एकही नाही."

तेवढ्यात सुकडी वाटायची वेळ झाली. दोन बारकी पोरं उगाच रांगेत घुसली होती. गुरुजींनी त्यांना बाहेर काढलं. "पटावर नाव नाही, त्याला खाऊ नाही. पळा!"

केरबानं तिसरी गाठ मारली.

संध्याकाळी मंदा बाळाला घेऊन आत होती, म्हणून केरबाच वाढायला बसला. थोरल्याला भाकरी वाढली, धाकट्याला वाढली आणि टोपलं झाकून ठेवलं.

तात्या रिकाम्या ताटाकडं बघत म्हणाले, "माझी भाकरी?"

"पोरांची नावं पटावर आहेत, तात्या. तुमचं नाही. मी आजच बघून आलो."

मंदानं आतून कपाळावर हात मारलेला ऐकू आला. "अहो, ते शाळेतलं शाळेत! घरात आधी थोरल्याला द्यायचं, मग धाकट्याला. काहीही असो!"

"काहीही?"

"काहीही!"

केरबानं चौथी गाठ मारली आणि तात्यांना भाकरी वाढली. तात्यांनी कोर मोडत विचारलं, "पटावर एकही नव्हती का रे?"

"एकही नाही."

"बरं," तात्या म्हणाले. "प्रियांका ठेवा." त्यांनी अर्धीच भाकरी खाल्ली.

बाराव्या दिवशी बारसं झालं. आम्ही शेजारी झाडून सगळे होतो. पाळण्याला झेंडूची माळ होती, घुगऱ्यांचं पातेलं भरलं होतं. केरबाची बहीण, आक्का, नाव ठेवायला आली होती. पाळणा म्हणणाऱ्या बायकांचा आवाज असा लागला होता, की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. तात्या एकटेच उंबऱ्याशी बसले होते.

केरबा उपरण्याच्या गाठी चाचपत होता. पहिल्या गाठीशी त्याचा हात थांबला. बाजारात हाक मारून झाली होती. आपल्या घरात कुठं मारली होती?

तो उभा राहिला आणि ओरडला, "द्रौपदाऽऽ!"

गाण्याच्या नादात एकही बाई वळली नाही.

तात्या मात्र वळले. त्यांनी चटकन मान फिरवली आणि चुलीकडं बघितलं. चुलीपाशी कुणी नव्हतं.

"वळले!" केरबा धावला. "तात्या, वय?"

"सत्तर," तात्या चुलीकडंच बघत म्हणाले.

"मोजलं!" केरबा खाली वाकला, तात्यांच्या कानाला तोंड लावलं आणि केवढ्यांदा तरी म्हणाला, "कुर्रऽऽ! द्रौपदा!"

गाणं थांबलं. पण हातांची सवय कुठं थांबते? कुर्र ऐकल्याबरोबर मागच्या पाच बायकांनी वाकलेल्या पाठीत दणादण धपाटे घातले. मग पाठ कुणाची ते बघितलं. मग कान कुणाचा ते बघितलं. मग जे हसू फुटलं, त्यात घुगऱ्यांचं पातेलं उपडं झालं.

"अरे खुळ्या!" आक्कानं डोळे पुसले. "बापाचं बारसं केलंस! आता पोरीचं काय?"

"आधी थोरल्याला, मग धाकट्याला," केरबा म्हणाला. तो पाळण्याशी गेला आणि बाळाच्या कानाशी वाकला. "कुर्रऽऽ! द्रौपदा दुसरी!"

धपाटे पुन्हा पडले.

आता कुणी हसेना. कानात गेलेलं नाव परत काढता येत नाही. सगळ्या बायका मंदाकडं बघू लागल्या. मंदानं पदर तोंडाला लावला होता. तिचे खांदे हलत होते. हसतेय की रडतेय, ते कळेना. मग तिनं पदर काढला आणि पाळण्याची दोरी हातात घेतली.

"गप्प का झाल्या सगळ्या?" ती म्हणाली. "म्हणा की पाळणा. माझी द्रौपदा दुसरी जागी होईल ना."

सासूचं नाव तिनं पहिल्यांदाच घेतलं होतं.

तात्या उठले. कानात काही भरून ठेवलंय आणि ते सांडू नये, तसा त्यांनी कानावर हात धरला. केरबानं विचारलं, "कुठं निघालात, तात्या?"

तात्यांनी उंबरा ओलांडला, आणि ते घरामागच्या परड्याकडं चालत गेले. तिकडून त्यांची हाक ऐकू आली, "द्रौपदाऽऽ!"